शेवट कापलेली चित्रफीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शाळेत नुकतंच सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. ओटीपी कुणाला सांगू नका, फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा, एवढं मुलांना पाठ झालं. उपयोगाचंच आहे. पण ते सगळं आपण फसू नये म्हणून. आपल्या बोटानं दुसऱ्याचं काय होतं, हे त्या पाऊण तासात आलंच नाही.

मी धुळे जिल्ह्यात नववीला मराठी शिकवते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर तशा अफवा फिरत होत्या. दुचाकीवरचे दोघे पोरगा उचलून नेतात, अशी एक चित्रफीत होती. ती मीही पालकांच्या ग्रुपवर टाकली होती, खाली स्वतःच्या हातानं 'काळजी घ्यावी' लिहून. मॅडमनी पाठवलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

ती मूळची कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला उतरवतात, फलक दाखवतात. आपल्याकडे आली ती हा शेवट कापून. यंदा वर्गात मी आधी कापलेली दाखवली. 'हे गाव कुठलं?' विचारलं तर मालेगाव, सुरत अशी उत्तरं आली. एकानं तर आमच्या बसस्टँडमागची गल्ली सांगितली. मग पूर्ण दाखवली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, कापली कोणी?" ते मला माहीत नव्हतं. पुढे कोणी पाठवली, ते मात्र सांगितलं.

त्या तासानंतर दोन मुलं आपणहून आली. वर्गात डुलकी लागलेल्या एका मुलाच्या फोटोचं स्टिकर त्यांनी बनवलं होतं. तो आठवडाभर शाळेत का नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आम्ही आपले 'ताप असेल' म्हणत गैरहजेरी लावत होतो.

जलसुरक्षेसाठी नववी-दहावीला स्वतंत्र पुस्तक निघालं, मग याला आठवड्याची एक तासिका का नाही? तज्ज्ञ नकोत. त्या आठवड्यात ग्रुपवर जे आलं असेल ते फळ्यावर घ्यावं: मूळ कुठलं, तारीख कुठली, यात कुणाचं नाव गुंतलंय. दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज पुष्कळ हातांतून फिरलेला, हे तर मुलांना आपल्याआधी ठाऊक असतं.

मात्र पहिल्या काही तासिका स्टाफरूममध्ये घ्याव्या लागतील. दर १५ ऑगस्टला आमच्या ग्रुपवर युनेस्कोनं 'जन गण मन' जगात सर्वोत्तम ठरवल्याचा मेसेज येतो. युनेस्कोनं असं काहीही ठरवलेलं नाही. मागच्या वेळी मी तसं लिहिलं, तर उत्तरादाखल हात जोडलेल्या दोन इमोजी आल्या.

– एक माध्यमिक शिक्षिका, जि. धुळे