आजी कुठे आहे, असं तू विचारलंस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम.

आजीला माती देऊन आलो त्या रात्री तू विचारलंस, "पप्पा, ती खरंच कुठेतरी आहे, की आपण आपल्या समजुतीसाठी म्हणतो?" घर पाहुण्यांनी भरलेलं, आई सगळ्यांना चहा देत होती, मी 'नंतर बोलू' म्हणालो. फोनवर असलं बोलणं मला जमत नाही. म्हणून लिहितोय.

शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, शरीर काय, आज आहे उद्या नाही, आत्मा अमर असतो. त्यांची माया खरी, आजीसाठी त्या मनापासून रडल्या. पण आपली आशा थोडी वेगळी आहे, आणि ऐकायला जास्त अवघड. आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो असं म्हणतो. देहाच्या! संधिवाताने वाकडी झालेली आजीची बोटं, ज्यांनी तुला भरवलं, ती देवाच्या लेखी टाकाऊ नाहीत. मेलेल्यांतून उठलेला प्रभू शिष्यांना दिसला तेव्हा त्याच्या हातापायांवर खुणा होत्या आणि त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला, असं शुभवर्तमानात लूक लिहितो. भुताने मासा खाल्ल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर समजुतीचा मुद्दा. ही नुसती समजूत असती तर प्रेषित पौलाने ती अशी उघड्यावर ठेवली नसती. करिंथच्या मंडळीला, करिंथकरांना, तो पत्रात सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वास फुकट, आणि सगळ्या माणसांत आम्हीच जास्त कीव करण्याजोगे. दुःखी माणसाला गप्प करण्यासाठी गोष्ट रचणारा तिच्या मुळावर असं बोट ठेवून दाखवत नाही. आणि प्रभू उठल्याची पहिली बातमी कोणी आणली? बायकांनी. शिष्यांनाही ती बडबडच वाटली. त्यांच्यातल्या थोमाने तर खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणून सांगितलं, आणि तरीही कोणी त्याला बाहेर काढलं नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाला आपल्या घरात पूर्ण जागा आहे. चर्चमधल्या कोणी डोळे वटारले तर माझं नाव सांग.

आजी आत्ता कुठे आहे? पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं जास्त चांगलं. जागेचं वर्णन तो करत नाही, सोबतीचं करतो. मला तेवढं पुरतं. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एकविसाव्या अध्यायात सोन्याचा रस्ता आहे, त्याचं मला फारसं कौतुक कधीच वाटलं नाही. त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट मात्र लोक विसरतात: तिथे शेवटी माणसं वर जात नाहीत, देवाची नगरी खाली उतरते. देव आपल्यात राहायला येतो.

आणखी एक, आणि माझ्या मते हेच मुख्य. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू प्रार्थनेत म्हणतो की सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं. मेल्यावर सुरू होणारी गोष्ट नाही ती. पंडिता रमाबाईंचंच बघ. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, नवराही लवकर गेला. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांनी पुढे लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी बरीच वर्षं गेली. आजीला तो कधी सापडला ते तिने कधी सांगितलं नाही, ती असलं बोलायचीच नाही. पण रोज पहाटे पाचला ती ज्याच्याशी बोलत बसायची, त्याच्याकडे अनोळखी म्हणून गेली नाही, एवढं मी सांगू शकतो.

कॉलेजात असताना तू वाद घालायचास की स्वर्गाच्या आशेने माणसं इथल्या जगाकडे पाठ फिरवतात. काही फिरवतात, नाकारत नाही. पण 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मुली गोळा करत हिंडल्या, केडगावला त्यांना आसरा दिला, शिकवलं, हाताला काम दिलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलाच्या भाषांतराचं काम चालूच होतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. पौलाचंही तेच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पंधराव्या अध्यायात तो मरणाला विचारतो, तुझी नांगी कुठे आहे? आणि सोळाव्याच्या पहिल्याच ओळीत यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी काढतो. मंडळीचा खजिनदार म्हणून मला ही उडी फार आवडते.

(आपल्या पंचहौदच्या देवळाची पुण्याला आठवण राहिली ती 1890च्या चहामुळे. टिळक-रानडे तिथल्या मिशनमध्ये चहा प्यायले आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं. त्याच देवळात शतकाहून जास्त काळ पुनरुत्थानाची उपासना चालू आहे, तिची बातमी कोणी केली नाही.)

तू दफनाच्या वेळी रडलास आणि मग मावशीने काहीतरी ऐकवल्यावर ओशाळलास, ते मी पाहिलं. विश्वास असेल तर रडू नये, असं शास्त्रात कुठेही नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, आणि घटकाभरात आपण त्याला उठवणार हे माहीत असून रडला. पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. मी अजून रोज रडतो. तुझ्या आईला माहीत आहे.

योहानाचा अकरावा अध्याय एकदा सावकाश वाच. लाजराची बहीण मार्था सिद्धान्त बरोबर सांगते, भाऊ शेवटच्या दिवशी उठेल म्हणते, आणि प्रभू तिला सिद्धान्तावरून स्वतःकडे वळवतो. तिथे अडलास तर लिही, उगाच मान डोलावू नकोस.

ईस्टरला रजा मिळाली तर ये. पहाटे कबरस्तानात जायचं आहे, आणि या वेळी आजीच्या कबरेवर फुलं तू ठेवावीस असं आईचं म्हणणं आहे. तिकीट लवकर काढ, मग मिळत नाही.

तुझा,
पप्पा