बिअरचं आम्ही बघतो, भिंतीचं तुम्ही बघा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमधली व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची भित्तिचित्रं

महोदय,

सप्रेम नमस्कार. बार बंद करा म्हणणारी पत्रं मंत्रालयात ढिगाने येत असतील. हे पत्र बारमधल्या दोन भिंतींसाठी आहे, आणि ते मुद्दामच उत्पादन शुल्क खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

रीगल थिएटरकडून कुलाबा कॉजवेला वळलं की मेट्रो हाउसमध्ये माँडेगार लागतं. जुनी गिऱ्हाइकं त्याला लाडाने ‘माँडीज’ म्हणतात. १९३२ सालचं हे इराण्याचं हॉटेल. पुढे तिथे बिअर आली, ज्यूकबॉक्स आला, आणि १९९०च्या सुमारास मालकांनी आपल्या भिंती मारिओंच्या हवाली केल्या. त्यांनी एका भिंतीवर मुंबईचं जगणं काढलं आणि समोरच्या भिंतीवर चक्क कॅफेतलीच मंडळी. मला स्वतःला ही दुसरी भिंत जास्त आवडते. आपण बिअरचा मग घेऊन बसलेलो असतो आणि डोक्यावर आपल्यासारखंच कुणीतरी मग घेऊन बसलेलं असतं, फक्त त्याचं नाक जरा लांब आणि डोळे जास्त वटारलेले. मारिओंच्या चित्रात रिकामी जागा शोधून सापडत नाही. माणसामागे माणूस, त्यामागे आणखी कुणीतरी डोकावणारं. संध्याकाळी सातनंतरचं माँडीजही तसंच असतं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाचं कोपर आपल्या ताटात येतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. परदेशी पाहुणे तिथे येतात, तशीच पहिल्या पगाराची पार्टी करणारी डोंबिवली-विरारची पोरंही येतात. आर्ट गॅलरीची पायरी कधी न चढलेली कितीतरी माणसं या भिंतींखाली तासन्‌तास बसून गेली आहेत. चित्र इतकं निवांत बघायला मिळण्याची सोय या शहरात दुसरीकडे कुठे आहे, मला सांगा.

आता या भिंतींवर सरकारचं लक्ष किती आहे ते बघा. महाराष्ट्रात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, म्हणून तर आपल्याकडे ‘परमिट रूम’ असते. बिअरला २१ वर्षं आणि कडक दारूला २५, हे वयही सरकारनेच ठरवलंय. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने दारू मिळते त्या ठिकाणांच्या पाट्यांवर थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं नकोत असंही ठरवलं. (चांगलं केलंत.) म्हणजे ग्लासात काय आहे ते एक खातं बघतं, स्वयंपाकघर दुसरं बघतं, पाटी तिसरं. भिंतीवर काय आहे, हे मात्र कुणाच्याच अखत्यारीत येत नाही.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ची. तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण तिचा जीव इमारतीच्या बाहेरच्या रूपात अडकलाय. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत आतबाहेर कशालाही सहजी हात लावता येत नाही; खाली तिसऱ्या श्रेणीपर्यंत आलं की आतले फेरबदल चालतात. हॉटेलातलं चित्र, काउंटर, ज्यूकबॉक्स यांना स्वतःची अशी श्रेणीच नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवार आठवतं ना? १९६४ला सुरू झालेलं ते कॅफे मार्च २०१५मध्ये बंद झालं. इमारत जागच्या जागी उभी आहे, सामोवार गेलं. कुलाबा कॉजवेवरच्याच लिओपोल्ड कॅफेने २६/११च्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या, त्या मालकांच्या मर्जीने. मर्जी उद्या बदलू शकते, मालक बदलू शकतो, पुनर्विकास तर सगळ्यांच्याच दाराशी उभा आहे. माँडेगारला आज धोका आहे असं मी म्हणत नाही. धोका आल्यावर पत्र लिहून उपयोग नसतो, म्हणून आज लिहितोय.

बारमधली सजावट म्हणजे वारसा कसला, असं तुमच्या फाइलीवर कुणीतरी नक्की लिहील. त्याला लंडनच्या ‘ब्लॅकफ्रायर’ पबबद्दल सांगा. साधूंच्या मठाची आठवण म्हणून १९०५च्या सुमारास त्याचा कायापालट झाला. आत संगमरवर, तांब्याची उठावचित्रं, आणि गुबगुबीत साधू गाताहेत, मासे पकडताहेत. १९६०च्या दशकात तो पाडायचा घाट घातला गेला, तेव्हा जॉन बेट्‌जमन पुढे झाले. हे कवी नंतर ब्रिटनचे राजकवी झाले. पब वाचला, संरक्षित यादीत गेला, आणि आजही तिथे बिअर मिळते. साधूंची टिंगल म्हणून तो कुणी बंद पाडला नाही, हेही सांगा.

मारिओंचा जन्म २ मे १९२६चा. २०२६ हे त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष. माणूस लोटलीचा, गोव्याचा. पण शिकला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि नावारूपाला आला इथल्याच वर्तमानपत्रां-साप्ताहिकांतून. २०१२मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. शताब्दीनिमित्त कुठेतरी दीपप्रज्वलन होईल, शाली पांघरल्या जातील. ते होऊ दे. पण त्या खर्चातला थोडा भाग या दोन भिंतींची इंचाइंचाची छायाचित्रं काढून घ्यायला, रंगांची आजची अवस्था नोंदवायला वापरा. सर जे. जे. कला महाविद्यालय फार लांब नाही. मुलांना असलं काम द्यायला हवंच.

दुसरी मागणी जरा किचकट आहे. हॉटेलं, बार, दुकानं यांच्या आतल्या भागांची वेगळी यादी करा, आणि ती मालकाच्या संमतीनेच करा. सक्ती केलीत तर यादी निघायच्या आदल्या रात्री निम्म्या भिंतींवर डिस्टेंपर चढलेला असेल. आपली गोष्ट यादीत गेल्याने मालकाला काहीतरी मिळालं पाहिजे : मालमत्ता करात सूट, डागडुजीला तज्ज्ञांची मदत, किंवा पुनर्विकासात तीच भिंत राखून ठेवल्याबद्दल बिल्डरला सवलत. बिल्डरला सवलत म्हटल्यावर वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावतील. पण त्याच्या हिशेबात भिंत नफ्याच्या बाजूला बसली, तरच ती उभी राहील. दारूच्या शुल्कात एक पैशाची सवलत मी मागत नाही. पिणाऱ्यांनी आपलं बिल आपण भरावं.

पुरातत्त्व संचालनालय तुमच्याच खात्यात आहे. तिथला एखादा अधिकारी वहीपेन घेऊन दुपारी तीनच्या सुमाराला पाठवा, तेव्हा गर्दी कमी असते आणि उजेडही बरा असतो. त्याने तिथे काय प्यावं, हा प्रश्न खात्याने आपल्या पातळीवर सोडवावा.

कळावे,
माँडेगारचा एक जुना गिऱ्हाईक