डब्यातला कूलर आणि खिडकीतला कूलर

नागपूर, 27 मे
(नवतपाचा तिसरा दिवस, बाहेर 45)

बाळ्या,

काल फोनवर तू विचारलंस छोटा पीसी बांधू का, मी "बांध बे" म्हणालो आणि तेवढ्यात इकडे लाइट गेली, वायफाय गेलं, तुला वाटलं मी फोन आपटला. नाही आपटला. म्हटलं आता सगळं लिहूनच पाठवतो, फोनवर सांगितलं की तू नुसता हो हो करतोस आणि दुकानात जाऊन भलतंच काहीतरी घेऊन येतोस, कॉलेजात प्रिंटर आणला होतास तसं.

तर माझ्या पीसीचा डबा, म्हणजे केस, 18 लिटरचा आहे, म्हणजे आपल्या 20 लिटरच्या पाण्याच्या कॅनपेक्षाही लहान. आत मिनी आयटीएक्स मापाचा मदरबोर्ड, 17 बाय 17 सेंटीमीटर, एवढासा पापड. प्रोसेसर रायझन 5 7600 आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4070. प्रोसेसरवर 65 वॉट लिहिलंय पण जोर लावला की तो 88 पर्यंत खातो, कार्ड 200. म्हणजे कॅनएवढ्या डब्यात पावणेतीनशे-तीनशे वॉटची शेगडी पेटलेली, आणि ही शेगडी नागपुरात, मे महिन्यात. बर्डीवरच्या एका दुकानदाराने तर हातच जोडले, म्हणाला छोटा घेऊ नका, घ्यायचाच तर सहा आरजीबी, म्हणजे रंगीत दिवेवाले, पंखे टाका. सहा! मी ऐकलं नाही, पण खरं सांगू, पहिल्या आठवड्यात वाटलं त्याचंच बरोबर होतं.

माझी अडचण गरमीपेक्षा आवाजाची होती. उन्हाळ्यात आमच्या घरात वाळ्याचा कूलर एकाच खोलीत, माझ्या. म्हणजे दुपारी आजी माझ्याच खोलीत झोपणार. आता तू म्हणशील कूलर एवढा घरघरतो, त्यात पीसीचा आवाज कोणाला येणार? मलाही तसंच वाटलं होतं. आजी दुसऱ्याच दिवशी उठून बसली, "तुह्या डब्यात माशी अटकली का रे?"

मी म्हटलं आजी एवढा कूलर चालून राहिला, त्याचं काही नाही? तर म्हणे तो एकसारखा वाजते, त्याच्यानं झोप लागते, हे तुहं वरखाली होते. बाळ्या, मी महिनाभर व्हिडिओ बघून जे शिकलो नाही ते म्हातारीने एका वाक्यात सांगितलं. आवाज किती आहे यापेक्षा तो बदलतो किती, हे जास्त टोचतं.

वरखाली काऊन होत होता ते ऐक. हे रायझन लोक फार भडक डोक्याचे, ब्राउजरची एक टॅब उघडली की एका सेकंदात 50 डिग्रीचे 70 होतात, पुढच्या सेकंदाला परत खाली. पंखा बिचारा प्रत्येक वेळी धावतो, घुर्र... मग शांत... मग घुर्र. बायॉसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, पंख्याचा कर्व्ह असतो, किती तापल्यावर किती जोरात फिरायचं त्याची रेघ, तिथे मी 70 डिग्रीपर्यंत सरळ रेघ मारून दिली, एकच स्पीड, आणि वेग वाढवायच्या आधी काही सेकंद थांब असं सांगणारी एक सेटिंग असते ती चालू केली. फुकटातलं काम, दहा मिनिटं. कार्डाचंही तेच. 50 डिग्रीच्या खाली त्याचे पंखे पूर्ण बंद होतात, कागदावर भारी वाटतं, पण आमच्या खोलीत ते 50 च्या आसपासच घुटमळायचं, म्हणजे दर पाच मिनिटांनी पंखे चालू-बंद चालू-बंद. मी तो प्रकारच बंद केला, 30 टक्क्यांवर कायम फिरू दे. ऐकूच येत नाही.

आणि माशी म्हणजे कॉइल व्हाइन. गेमच्या मेनूत, जिथे काहीच होत नसतं, तिथे कार्ड येड्यासारखं सेकंदाला सात-आठशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत बसायचं आणि आतल्या कॉइल चिंssss करायच्या. फ्रेम लिमिट लावलं, माशी गेली. माझा मॉनिटर सेकंदाला 144 फ्रेम दाखवणारा आहे, मी 120 वर बांधून टाकलंय, कोणाला फरक कळतो बे.

आता गरमीचं. आधी मी पण भैताडासारखं पंखे वाढवायच्याच मागे होतो. मग एक हिशोब वाचला आणि डोकं ताळ्यावर आलं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट येते, पण त्याला वीज आठपट लागते आणि आवाज साधारण 15 डेसिबलने वाढतो, आणि 10 डेसिबललाच कानाला दुप्पट वाटतं. म्हणजे हवेसाठी भांडायचं तर बिल आवाजात भरा. त्यापेक्षा गरमीच कमी तयार झाली तर? म्हणून कार्ड अंडरव्होल्ट केलं, म्हणजे त्याला कमी व्होल्टेजवर चालवलं. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर उघडायचं, कंट्रोल एफ दाबायचं, व्होल्टेजचा कर्व्ह येतो, त्यात 0.925 व्होल्टला 2500 मेगाहर्ट्झ पकडून पुढची रेघ सपाट करायची. हँग होत असेल तर 50 मेगाहर्ट्झ खाली ये, प्रत्येक कार्डाचा स्वभाव वेगळा. माझं 200 वरून 150-155 वॉटवर आलं आणि फ्रेम गेल्या चार. चार! एवढ्यासाठी 45 वॉट जाळत होतो. प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवायला बायॉसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, त्यात उणे 20 दिलं, तिथेही थोडं उतरलं.

प्रोसेसरसोबत खोक्यात जो बुटका कूलर मिळतो तो ठेवू नको, ठीक आहे पण कर्कश आहे. मी चार हीट पाइपवाला उभा टॉवर कूलर घेतला, 120 मिलिमीटरचा पंखा. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, लहानग्याला त्यासाठी किंचाळावं लागतं. पण घ्यायच्या आधी केसमध्ये किती उंचीचा मावतो ते मिलिमीटरमध्ये बघ, प्रिंटर आठव.

त्या हीट पाइपची गंमत सांगतो. मला वाटायचं ती भरीव तांब्याची कांडी असते. नसते, पोकळ असते, आत थेंबभर पाणी आणि जवळजवळ हवाच नाही, म्हणून ते कमी तापमानालाच उकळतं. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला जाऊन परत पाणी होतं आणि आतल्या जाळीतून वातीसारखं खाली झिरपतं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणजे खिडकीतला वाळा जे करतो तेच, फक्त इथे पाणी पुन्हा भरावं लागत नाही. त्या दिवसापासून मला दोन्ही कूलर भाऊ-भाऊ वाटून राहिले.

भाऊ असले तरी समोरासमोर बसवू नको मात्र. मी सुरुवातीला डबा थेट कूलरच्या झोतात ठेवला, म्हटलं थंड हवा फुकट. पंधरा दिवसांनी खालचा फिल्टर काढला तर त्यावर पांढरी भुकटी, आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार, तुषारांबरोबर उडालेला. नुसत्या दमटपणाने काही होत नाही, पीसी खोलीपेक्षा गरमच असतो त्यामुळे त्यावर पाणी साचत नाही, पण थेंब उडाले तर संपलं. आता तो कोपऱ्यात आहे. बाहेर 45 असताना कूलरने खोली 31-32 वर येते आणि पीसीला तेवढं पुरे. तो खोलीच्या खाली जाऊच शकत नाही, कितीही पंखे लाव. तुमच्या पुण्यात तर काय, मजाच.

सगळ्यात मोठा फरक मात्र कशाने पडला सांगू? कॅरमने. माझ्या केसमध्ये कार्डाला हवा खालून येते, दोन पंखे तळाला, आणि कंपनीचे पाय एवढे बुटके की टेबल आणि फिल्टरमध्ये जेमतेम बोटभर जागा. पंखे हवा ओढायला जायचे आणि नुसते सनन सनन करायचे. मी खाली हात घालून बघितला तर हवा येतच नव्हती म्हण ना. मग प्रत्येक पायाखाली दोन-दोन सोंगट्या चिकटवल्या, दुहेरी टेपने. दीड सेंटीमीटर उचललं गेलं. कार्ड 78 वरून 72 वर, अंडरव्होल्ट धरून आता 66, आणि ती सनन गेलीच. एक रुपया खर्च नाही.

काल दुपारी आजी झोपली होती, मी दोन तास खेळलो, उठली तेव्हा विचारते, "आज खेळला नाही का?"

तर तू बांध, पार्टची यादी मला पाठव आधी. आणि जूनमध्ये येशील तेव्हा काळ्या सोंगट्या घेऊन ये, आठ पाहिजेत. आबा आठवडाभरापासून बोर्ड मांडून बसतात, नऊ पांढऱ्या आणि एक काळी, आणि कोणीच काही बोलत नाही.

तुझा,
पप्या