पंखा बदला, पण जुना रेग्युलेटर काढूनच

महोदय,

खानदेशच्या उन्हाळ्यात पंखे रात्रंदिवस फिरतात. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० ते ३५. रोज १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १८ ते २० युनिट वाचतात. १०० युनिटांपुढे दर चढतो, म्हणून ही बचत मोलाची. मात्र घाईत जुन्या रेग्युलेटरवरच जोडणी होते, त्याने पंख्यातले सर्किट बिघडते आणि बोल लागतो पंख्याला. रेग्युलेटर काढून थेट स्विचवरच जोडून घ्या. कूलरच्या पॅडवर क्षार साचले की हवा अडते. टाकीचे पाणी आठवड्याला बदला. आणि खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

– एक वाचक, भुसावळ