काकू, खोडलेल्या त्या खुणांबद्दल

प्रिय काकू,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तुम्हाला समोरासमोर आभार मानलेले चालत नाहीत. मी विषय काढला की तुम्ही ऑर्गनवरचं कापड सारखं करायला लागता. म्हणून तुमचं नाव न घालता, उघडच लिहितो आहे. दर रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे गायला उभं राहणारा माझ्यासारखा आणखी कोणी असेल, त्याच्याही हाती हे पडावं असं वाटतं.

त्या रविवारी गाण्यांचे कागद मी ऑर्गनवरच विसरलो. घरी पोचल्यावर आठवलं आणि पोटात गोळा आला. त्या कागदांवर शब्दांच्या वर पेन्सिलने केलेल्या माझ्या खुणा होत्या, आणि त्या सुरांच्या नव्हत्या. दुसऱ्या कडव्यावर 'डोळे मिट'. तिसऱ्याच्या आधी 'थांब, मोठा श्वास'. शेवटच्या धृपदापाशी 'आवाज कापरा'.

आई जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. घरी प्रार्थनेला बसलो की एक शब्द सुचत नसे. समोर मात्र मी दर आठवड्याला उभा होतो. पहिल्यांदा आवाज कापला तो खरोखरच कापला होता; ते आईचं आवडतं गीत होतं. उपासना संपल्यावर कितीतरी जण जवळ येऊन म्हणाले, आज पवित्र आत्म्याचा स्पर्श जाणवला. पुढच्या रविवारी आवाज आपणहून कापेना, तेव्हा मी तो कापवला. ढोंग म्हणजे पहिल्यापासून खोटंच असतं असं मला वाटायचं. माझं तसं नव्हतं. एकदा जे खरं घडलं होतं तेच मी पुन्हा पुन्हा घडवून दाखवत होतो.

बुधवारी सरावाला तुम्ही तो कागद घडी घालून माझ्या हातात दिलात. बोलला काहीच नाहीत, मलाही नाही आणि दुसऱ्या कोणाला तर नाहीच. घरी येऊन उघडला. सगळ्या खुणा खोडलेल्या होत्या, कागद कुठेही न चुरगळता. खालच्या कोपऱ्यात तुमच्या बारीक अक्षरात एवढंच होतं: 'स्तोत्र ८८'.

बायबलमधली मला माहीत असलेली स्तोत्रं रडत सुरू होऊन स्तुतीत संपणारी होती. ८८ वं तसं वळतच नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस, त्याला शेवटपर्यंत उत्तर नाही, आणि मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत हे मी बायबल वर्गात शिकलो होतो. पण उपासनेसाठी निवड करताना त्यांच्याकडे कधी फिरकलो नव्हतो. माझं लक्ष खिळलं ते मात्र शीर्षकावर. कोरहपुत्रांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या घराण्याचं, हे स्तोत्र मुख्य गवयाच्या हाती दिलेलं आहे. म्हणजे एवढा अंधारही देवाच्या घरात गायचाच होता, आणि तो गायची जबाबदारी पुढे उभं राहणाऱ्याची होती. मी तीच जबाबदारी टाळत होतो, तीही लोकांच्या श्रद्धेला धक्का लागू नये या नावाखाली.

पुढच्या बुधवारी मी तुम्हाला म्हणालो, "मला थांबायचंय. मनात काही नसताना गाणं हे ढोंगच ना?" तुम्ही म्हणालात, "मनात काही नसताना गाणं वेगळं आणि मनात आहे असं दाखवणं वेगळं. पहिल्याला देव कधी नको म्हणत नाही."

काकू, या दोन वाक्यांनी मी सावरलो. तोवर मला वाटायचं की पुस्तकातली छापील प्रार्थना म्हणजे कोरडी, आणि आतून उमटेल तीच खरी. पण उत्स्फूर्त प्रार्थनेचाही सराव करता येतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? कुठे अडखळायचं, कुठे 'हे पित्या' म्हणून गप्प व्हायचं, सगळं मला जमत होतं. त्या महिन्यांत मला धरून ठेवलं ते येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेनं आणि विश्वासांगीकारानं, म्हणजे मंडळी मिळून म्हणते त्या श्रद्धेच्या कबुलीनं. स्वतःचे शब्द संपले होते, म्हणून दुसऱ्यांनी घडवून ठेवलेले शब्द मी मंडळीबरोबर म्हणत राहिलो. त्यात मी कोणाला काही दाखवत नव्हतो.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ६ वा अध्याय पुन्हा वाचला. प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल बोलताना 'ढोंगी' हा एकच शब्द वापरतो. मूळ ग्रीकमध्ये तो रंगमंचावरच्या नटाचा शब्द आहे. त्यांना त्यांचं प्रतिफळ 'मिळालेच आहे' असं तिथे म्हटलंय, तो शब्द त्या काळी पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहीत. उपासनेनंतर दारात मला मिळणारी शाबासकी आठवली. माझी पावती तिथेच फाडून झाली होती.

आणखी एक गोष्ट तुम्ही केलीत, आणि ती मला जास्त जड गेली. स्वतःचं ढोंग कळल्यावर मला सगळीकडे ढोंगच दिसायला लागलं. कोणी हात वर केले की खोटे, कोणी हुंदका दिला की खोटा. एकदा मी तसं बोलूनही गेलो. तुम्ही बायबलमधल्या, मंदिरात प्रार्थना करणाऱ्या हन्नाची आठवण करून दिलीत. तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं बाई प्यायली आहे. इतकी वर्षं मंदिरात काढलेल्या माणसालाही समोरची खरी प्रार्थना ओळखता आली नाही. 'देवा, मी त्या ढोंग्यांसारखा नाही' ही येशूच्या दाखल्यातल्या, स्वतःला नीतिमान समजणाऱ्या परूशाचीच प्रार्थना नव्या शब्दांत माझ्या तोंडी येत होती.

मी तीन महिने मागच्या बाकावर बसून होतो. पाळकसाहेबांना तुम्ही फक्त 'त्याला विश्रांती द्या' एवढंच सांगितलंत, हे मला फार नंतर कळलं. त्याच दिवसांत संत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडितांबद्दल वाचलं. इसवी सन ४०० च्या सुमारास त्यांनी कबूल केलंय की गीताच्या आशयापेक्षा गाण्यानेच मन जास्त हललं, तर ते मी पाप समजतो. तरी गाणं बंद करा, असं काही त्यांनी म्हटलं नाही. मला त्याचा आधार वाटला.

गेल्या महिन्यात मी उपासनेत स्तोत्र ८८ वाचलं, आणि त्यानंतर गीत ठेवलं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही सवयीने हळूच सूर धराल. तुम्ही ऑर्गनवरचे हात उचलून मांडीवर ठेवलेत. बराच वेळ कोणी हललं नाही. मागच्या बाजूला कोणीतरी नाक पुसल्याचा आवाज आला. मी मान वर करून पाहिलं नाही.

तुमच्या त्या मांडीवर ठेवलेल्या हातांबद्दलही आभार.

तुमचाच,
सरावाला नेहमी उशिरा येणारा