छापखान्यातला माणूस 'गणितज्ञ' कसा झाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या विज्ञान पानावर ती तेरा बाजूंची 'टोपी' छापलीत, आभारी आहे. (या एकाच आकाराच्या फरश्यांनी कितीही मोठी जमीन फट न ठेवता भरते, पण नक्षी ठरावीक अंतराने तीच ती येत नाही.) पण डेव्हिड स्मिथ यांना 'ब्रिटिश गणितज्ञ' कोणी केलं? हा गृहस्थ छपाईतला निवृत्त तंत्रज्ञ. ब्रिडलिंग्टनला घरी बसून आकार जुळवायचा त्याला नाद. २०२२ च्या शेवटी हा आकार हाती लागला, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्याने लावून पाहिले आणि मग कॅनडातल्या क्रेग कॅप्लन या संगणकशास्त्रज्ञांना कळवलं. सिद्धता चौघांची (हे दोघे आणि आणखी दोघे), मान्य. पण आकार सापडला तो प्रेसवाल्याला. नक्षी पुन्हा पुन्हा तीच येऊ नये म्हणून १९६६ मध्ये बर्गर या गणितज्ञांना वीस हजारांवर वेगवेगळे तुकडे लागले होते, पुढे पेनरोज या दुसऱ्या गणितज्ञांनी ते दोनावर आणले, इथे एकात काम झालं. जे वर्तमानपत्र छापखान्यावर जगतं, त्याने नेमका छापखानाच गाळावा?

मला झोंबलं त्याला कारण आहे. ही बातमी पहिल्यांदा आली तेव्हा मीही डुप्लेक्स बोर्डाच्या टोप्या कापल्या. समोरून पांढरा, पाठ राखाडी. लावत गेलं की मध्येच एखादी उलटी करूनच बसवावी लागते आणि तिथे राखाडी पाठ दिसते. (उलटं न करता बसणारा 'स्पेक्टर' त्याच चौघांनी मे २०२३ मध्ये दिला, तुमच्या बातमीत तो नाहीच.) हे सगळं पिशवीत घालून इथल्या एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो. टेबलामागच्या मुलाने फॉर्म पुढे केला. शैक्षणिक पात्रता? मी लिहिलं, 'ऑफसेट मशीनमन'. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, नातवंडांना घेऊन आलात का? खेळांचा स्टॉल तिकडे आहे." पिशवी उघडायची वेळच आली नाही. तो निदान विद्यार्थी होता. तुमच्या उपसंपादकांचं काय?

आता चित्र. मी पट्टी लावून पाहिली. डावीकडचा तुकडा पावणेदोन इंचांवर जसाच्या तसा पुन्हा, पुढे पुन्हा. आमच्यात याला स्टेप अँड रिपीट म्हणतात, औषधांची लेबलं अशी छापतात. अहो, या आकाराची सगळी करामतच ही, की नक्षी कितीही सरकवा, स्वतःवर तंतोतंत बसत नाही. तुमच्या डीटीपीवाल्याने ती कॉपी-पेस्ट करून बसवली! जोडावर टोप्या एकमेकींवर चढल्यात त्या त्यालाही दिसल्या असतीलच. जे चौघांनी अशक्य ठरवलं ते याने डेडलाइनच्या आत केलं; सत्कार व्हायला हवा.

त्याच पानावर खाली कॅन्सरवरच्या परदेशातल्या पेशी-उपचाराला तीन कॉलम आहेत. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांत बदल करून परत सोडायच्या, हे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने करून दाखवलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरीही मिळाली. सुरुवातीच्या चाचण्या झाल्या त्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात. तुमच्या नवी मुंबईच्या बातमीदाराला रिक्षाभाडंसुद्धा जास्त पडलं नसतं.

दुरुस्ती पहिल्या पानावर छापा असं म्हणत नाही, त्याच पानावर चालेल. फक्त तेव्हा मॅजेंटा (गुलाबी शाईची) प्लेट एकदा बघून घ्यायला सांगा. ठाणे आवृत्तीत ती हल्ली डावीकडे सरकलेली असते, पुढाऱ्यांना चार-चार ओठ दिसतात.

— एक निवृत्त मशीनमन, वागळे इस्टेट, ठाणे
(नाव छापू नये)