ओवी अर्ध्यावर तुटायची

मराठवाड्यातील लेखिकांवरचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. शाळा आल्या आणि बाई बोलू लागली, हा त्यातला सूर पटला नाही. सातशे वर्षांपूर्वी आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाच्या कामालाच अभंगात आणले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे बाई बोलतच होती, उतरवून घेणारे नव्हते.

माझी आजी पहाटे दळताना सासुरवासाच्या ओव्या म्हणे. ओसरीवर आजोबा खाकरले की ओवी अर्ध्यावर तुटे, जाते तेवढे फिरत राही. त्यातल्या जेमतेम चार आईला आठवतात.

कवयित्री अनुराधा पाटील यांना २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान आहेच. पण ओव्या पाठ असलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी या सुट्टीत विद्यार्थ्यांना वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे पाठवावे. प्रकल्पाचे गुण द्यायचेच असतात, ते यासाठी द्यावेत.

– एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)